लाइट सेन्सरचा ड्रायव्हर
अंधेरी स्थानकाच्या छपराखालून भर दुपारी बाहेर पडल्यावर मोबाइलची स्क्रीन आपोआप उजळते. प्रकाश मोजतो तो सेन्सर. त्याचे आकडे ऑपरेटिंग सिस्टिमला समजतील अशा रूपात देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला जोडता येणारा बीएच१७५० हा सेन्सर ० ते ६५,५३५ यांमधला आकडा देतो. त्याला १.२ ने भागले की लक्स मिळतात; म्हणजे कमाल सुमारे ५४,६०० लक्स.

कडक उन्हात मात्र प्रकाश १ लाख लक्सपर्यंत जातो आणि आकडा कमाल मर्यादेवरच अडकतो. म्हणून ड्रायव्हरमध्ये मोजणीचा कालावधी कमी करण्याची सोय ठेवतात. कालावधी निम्मा केला, की आलेले लक्स दुपटीने मोजावे लागतात. हे विसरल्यास ऊन निम्मेच भासते आणि स्क्रीन अंधूक राहते.