पाषाण, निधी, निक्षेप : सनदेतील एका हक्काचा माग

आपल्यापैकी काहींच्या घरी जुन्या कागदांचा रुमाल अजून जपलेला असेल. त्यातील मोडी वाचणारे थोडे उरले. पण सनदेत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ हे शब्द आहेत, एवढे घरात ऐकून ठाऊक असते. नानाखेड्याकडे वस्ती सरकली, मुरूम-गिट्टीला मोल आले, आणि नातवंडे विचारू लागली : जमिनीखालचा दगड आपलाच ना?

प्रथम हे शब्द पाहू. मराठेशाहीतील इनामपत्रांचा हा ठरीव साचा होय. निधी म्हणजे पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव. पाषाणात खाणीचा दगड येतो. मात्र त्याच पत्रात पुष्कळदा ‘हक्कदार व इनामदार खेरीजकरून’ असेही असते. म्हणजे आधीच्यांचे हक्क वगळून उरले तेवढेच दान. ब्रिटिश अमदानीत तर दान भूमीचे की केवळ महसुलाचे, यावर न्यायालयांत खल झाला. म्हणून सनद पूर्ण वाचावी, सोयीची ओळ तेवढी नव्हे.

काळही नीट लावावा. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इ. स. 1772-73 येते. पुढे ग्वाल्हेर दरबारच्या कागदांत विक्रम संवत भेटतो. त्यातून 56 किंवा 57 वजा करावे. मग मिसल बंदोबस्त, खसरा, बी-1 आणि नामांतरण अशी साखळी जुळवावी. बंदोबस्तात शेतांचे क्रमांक बदलतात; जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ नकाशावर घातल्याशिवाय सनदेतले शेत आणि आजचे शेत एकच, असे म्हणता येत नाही. वारसाचे नाव चढले म्हणजे सनदेतले सारे हक्क चढले, असेही नव्हे.

साखळी जुळली तरी ती दोन ठिकाणी तुटते. मध्य भारताच्या 1951 च्या जहागीर-निर्मूलन कायद्याने जहागिरीतील खाणी व खनिजे, चालू असोत वा नसोत, राज्याकडे गेली. पुढे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 हिच्या कलम 247 ने, शासनाच्या दानपत्रात स्पष्ट अपवाद नसेल तर, सर्व खनिजांचा हक्क राज्याचा ठरविला. मलबारच्या जन्मींना सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली भूगर्भातील हक्क मान्य केला, हे खरे. पण तेथे तो राज्याकडे नेणारा कायदा न्यायालयास आढळला नव्हता. आपल्याकडे तो आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? याच कलमाने जमिनीच्या पृष्ठभागावरील हक्क राखला आहे. खाणीपायी शेत व्यापले वा बिघडले, तर भरपाई द्यावी लागते. आणि ती मागायला खसऱ्यातले नाव सरळ असावे लागते. पाषाण गेला, शेत उरले आहे. तेव्हा रुमाल सोडा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या आणि नामांतरण राहिले असेल तर आधी ते करा. पूर्वजांनी कागद जपला. आपण निदान तो समजून घेऊ.