साथरोग, शाळाबंदी आणि ग्रामीण पूर्वतयारी : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
साथरोगाच्या काळात शाळा-महाविद्यालये बंद ठेवणे हा प्रशासनाचा परिचित उपाय होय. तथापि, मूल शाळेतून घरी गेले की सुरक्षित झाले, हे त्यामागील गृहीतक शहरी जीवनातून आलेले आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती लक्षणीय आहे. तेथे हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाचा शिरकाव झाला. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट अधिक संहारक ठरली आणि देशात एक कोटीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. रेल्वेमार्गांनी हा रोग दूरवर पोहोचला. शहापूर तालुक्यातील आसनगाव, खर्डी व कसारा ही स्थानके मुंबईहून निघणाऱ्या अशाच एका मार्गावर आहेत. म्हणजेच महानगरातील साथ येथे दूरची मानता येत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला. त्यानंतर पुणे व मुंबईतील शाळा काही दिवस बंद ठेवण्यात आल्या. मार्च २०२० मध्ये मात्र राज्यभर शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले.

विवेचन :
या तालुक्यांतील आश्रमशाळा हे विद्यार्थ्यांचे निवासस्थान व भोजनगृहही असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मध्यान्ह भोजन, तर अंगणवाडीत पूरक आहार मिळतो. शाळाबंदीमुळे शिजवलेल्या अन्नाची जागा शिध्याने घेतली, तर ऑनलाइन शिक्षण मोबाइल व नेटवर्क यांवर अवलंबून राहिले. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाचा शाळेशी असलेला नाजूक धागा अशा वेळी तुटण्याचा संभव वाढतो. उलटपक्षी, एकाच दालनात अनेक मुले झोपत असतील तर फ्लू झपाट्याने पसरतो. म्हणून शाळा सरसकट बंद ठेवणे किंवा सरसकट चालू ठेवणे, हे दोन्ही मार्ग अपुरे होत.

निष्कर्ष :
आश्रमशाळेत आजारी मुलासाठी स्वतंत्र खोली, हात धुण्यास पुरेसे पाणी, प्राथमिक आरोग्य केंद्राशी नियमित संपर्क, शिधावाटपाची आगाऊ यादी आणि स्थलांतरित मुलांची नोंद, ही ग्रामीण पूर्वतयारीची पंचसूत्री ठरावी. शाळा बंद करण्याचा आदेश एका दिवसात काढता येतो. शाळेने उचललेली जबाबदारी मात्र कोणाकडे सोपवायची, हे साथ येण्यापूर्वीच ठरवावे लागते.