विक्रेता नोंदणी-प्रगती दर्शक

विक्रेता नोंदणी-प्रगती दर्शक : ऑनलाइन बाजारपेठेत माल विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याची नोंदणी कुठवर आली, काय तपासून झाले, काय अडले आणि पुढचे पाऊल कोणी उचलायचे, हे दाखवणारी संगणक प्रणाली. व्यापाऱ्याला ती सेलर पॅनेलवरचे एक पान म्हणून दिसते, तर बाजारपेठेच्या कर्मचाऱ्यांना शेकडो अर्जांची यादी असलेला डॅशबोर्ड म्हणून. दोन्हींमागची नोंद एकच असावी लागते. व्यापाऱ्याच्या पानावर एक आणि मदतकक्षातल्या पडद्यावर दुसरेच दिसू लागले, की दर्शकावरचा विश्वास उडतो आणि लोक पुन्हा फोनकडे वळतात.

फॉर्म भरून ‘सबमिट’ केला म्हणजे दुकान उघडले, असे होत नाही. भारतात साधारणपणे पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खाते, माल उचलण्याचा पत्ता आणि खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक तपासला जातो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता यांसारखा तपशील बाजारपेठेला ग्राहकांपुढे ठेवावा लागतो. त्यामुळे या तपासणीला कायद्याचाही आधार आहे.

काही चुका जागच्या जागी पकडता येतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. पॅन वेगळा निघाला, तर बाहेर कुठेही विचारणा न करता व्यापाऱ्याला तिथेच सांगता येते. नोंदणी आजही चालू आहे का, हे मात्र जीएसटी प्रणालीलाच विचारावे लागते. उत्तर येईपर्यंत दर्शकाने ‘आमच्याकडून तपासणी चालू’ असे दाखवावे, ‘अपूर्ण’ असे दाखवू नये. या दोन शब्दांत मोठा फरक आहे, कारण ‘अपूर्ण’ वाचून व्यापारी तीच कागदपत्रे पुन्हा अपलोड करतो.

सर्वाधिक अर्ज नावाच्या जुळणीत अडखळतात असे नाही, पण अडकलेला अर्ज सोडवायला सर्वात किचकट तिथेच असतो. खात्यात एक रुपया जमा करून बँकेकडून खातेदाराचे नाव मागवले जाते आणि ते पॅनवरच्या नावाशी ताडले जाते. पॅनवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. जुन्या पासबुकात आडनाव आधी आणि मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर. चव्हाण हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘एच’ एकदा घेऊन लिहितो, कोणी दोनदा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे पॅन नव्या नावावर आणि खाते माहेरच्या. एकमालकी दुकानाचे चालू खाते तर दुकानाच्याच नावावर असते. चांगला दर्शक जीएसटी नोंदीतले कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही ताडून पाहतो, तरीही जुळले नाही तर दोन्ही नावे शेजारी शेजारी दाखवतो. नुसते ‘पडताळणी अयशस्वी’ वाचून घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, हे कोणालाच कळत नाही.

‘८० टक्के पूर्ण’ ही पट्टी दिसायला आकर्षक असली तरी फसवी आहे. उरलेल्या २० टक्क्यांत बँक खातेच असेल तर पैसे मिळण्याची सोय शून्य. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेच्या व्यवस्थेत ग्राहकाकडून पैसे घेता येतात का आणि ते बँकेत पाठवता येतात का, या दोन स्वतंत्र खुणा असतात. शिवाय आत्ता हवी असलेली, पुढे लागणारी आणि मुदत उलटलेली माहिती वेगवेगळी नोंदवली जाते. पेपालही पैसे स्वीकारण्याची तयारी आणि ईमेलची खातरजमा या गोष्टी स्वतंत्रपणे कळवते.

स्थिती कळण्याचे मार्ग दोन. दर्शक ठरावीक वेळाने विचारणा करतो, किंवा बदल होताच समोरची प्रणाली संदेश (वेबहुक) धाडते. संदेश कधी दोनदा येतो, कधी उलट्या क्रमाने, कधी पोहोचतच नाही. म्हणून दोन्ही मार्ग एकत्र वापरणे शहाणपणाचे, आणि प्रत्येक बदल वेळेसह जपून ठेवणे आवश्यक.

नियम बदलले की टप्पेही बदलतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत राहून फक्त आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीऐवजी जीएसटी पोर्टलवरून मिळणारा नावनोंदणी क्रमांक चालतो. ज्या दर्शकात जीएसटीचा रकाना सक्तीचाच राहिला, तिथे घरगुती मसाले विकणारी बाई नियमात बसूनही दाराशीच अडते.

नोंदणी एकदा पूर्ण झाली म्हणजे कायमची झाली, असेही नाही. जीएसटी नोंदणी रद्द होते, परवान्याची मुदत संपते, बँक खाते बदलते. अशा वेळी हिरवा झालेला टप्पा पुन्हा पिवळा होऊ शकेल अशी रचना मुळातच करावी लागते, आणि त्याची सूचना विक्री थांबण्याआधी पुरेसे दिवस राखून व्यापाऱ्याला त्याच्या भाषेत पोहोचवावी लागते.