हर्नियाची जाळी आणि मावशीचा गुडघा

ऑक्टोबर २००० मध्ये वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, आणि 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द आपल्याकडे भाजीबाजारातही ऐकू यायला लागला. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. १९७४ साली इन्सॉल, वॉकर आणि राणावत यांनी तिथे जो 'टोटल कंडायलर' गुडघा वापरात आणला, आजचे बरेचसे कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय: ऑपरेशन झालं की लगेच उभं राहायचं आणि व्यायाम करून गुडघा वाकवत न्यायचा.

आमच्या मावशीला सध्या हे चित्र लागू नाही. हे पटवून देताना घरातल्यांचा घसा कोरडा पडलाय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

झालं काय, गुडघा बदलल्यावर वर्षभराने ती बाथरूममध्ये पडली आणि वाटीखालची टेंडन तुटली. मांडीचा मोठा स्नायू, गुडघ्याची वाटी आणि वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत जाणारी ही टेंडन, अशी ती एक सलग दोरीच असते. पाय सरळ होतो तो या दोरीने. ती तुटली की आतला धातूचा गुडघा कितीही उत्तम असो, पाय उचलला जात नाही आणि जिन्यावर गुडघा दगा देतो. मावशीची दोरी पहिल्यांदा टाके घालून जोडली. चार महिन्यांत पुन्हा निसटली.

यात नवल काही नव्हतं. १९८९ सालीच मेयो क्लिनिकच्या रँड, मॉरी आणि ब्रायन यांनी आपल्याकडच्या अशा रुग्णांचा हिशेब मांडला होता. प्रकार दुर्मिळ, पण नुसत्या टाक्यांचा भरवसा नाही. आधीच्या ऑपरेशनने तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, आणि खुर्चीतून उठताना ताण तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट.

मग १९९० मध्ये इमर्सन, हेड आणि मॅलिनिन यांनी वेगळी वाट धरली. मृत दात्याच्या पायातली अख्खीच दोरी, नडगीच्या हाडाचा तुकडा आणि वाटीसकट, रुग्णाच्या पायात बसवायची! काहींना चांगला गुण आला, काहींची दोरी हळूहळू सैल पडत गेली.

आणि आता खरी गंमत. २००४ मध्ये शिकागोच्या सर्जन मंडळींनी आपल्या वीस ऑपरेशनांची तुलना छापली. पहिल्या सातांत दोरी जरा सैल बसवली होती. सातही फसली. पाय सरळ करताना सरासरी ५९ अंश कमी पडत होते. पुढच्या तेरांत पाय पूर्ण सरळ ठेवून दोरी ताणून घट्ट बसवली, आणि कमतरता सरासरी चार अंशांवर आली. सर्जन तेच, पद्धतही जवळपास तीच, फरक फक्त ताणाचा. हे वाचताना मी थांबलोच. वाकवायची घाई ऑपरेशनच्या टेबलावरच नडली होती की!

पण अशी दोरी मिळायची कुठून? मुंबईत टाटा मेमोरियलची ऊतीपेढी १९८८ पासून आहे, पण वाटीसकट अख्खी दोरी हवी तेव्हा मिळणं सोपं नाही. शिवाय परकी ऊती काळाने ताणते ती ताणतेच.

२०११ मध्ये मेयोच्याच ब्राउन आणि हॅन्सन यांनी यावर अगदी साधी वस्तू वापरून दाखवली: हर्नियाची जाळी. मार्लेक्स नावाची. ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमाराला ती पोटाच्या भिंतीसाठी आणली. त्याच वर्षी त्याच मार्लेक्स नावाच्या प्लॅस्टिकच्या हुला हूपच्या रिंगा अमेरिकेतली पोरं कमरेभोवती फिरवत होती. (हे मावशीला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली.) अशी जाळी आज आपल्याकडे तालुक्याच्या हॉस्पिटलातही असते.

ती गुंडाळून तिची जाड दोरी करतात, एक टोक नडगीच्या हाडात सिमेंटने पक्कं करतात, दुसरं मांडीच्या स्नायूत ओवून शिवतात. सुरुवातीला ती नुसत्या टाक्यांवर तगून असते. मग मांडवावर वेल चढावा तसे शरीराचे तंतू जाळीच्या भोकांतून वाढतात आणि दोरी आपली होते. या वाढीला अडीच-तीन महिने लागतात, आणि तेवढे दिवस पाय प्लॅस्टरमध्ये सरळ. मधेच वाकवला तर कोवळे तंतू तुटणार.

त्या पहिल्या १३ रुग्णांपैकी तिघांची जाळी लवकरच फसली होती. डॉक्टरांनी हे मावशीला आधीच सांगितलं, आणि तरी तिने हो म्हटलं.

तिचे सात आठवडे झालेत, पाच उरलेत. मग पट्टा लावून थोडं थोडं वाकवणं सुरू होईल. तेव्हा मंडळी, भेटायला जरूर या, पण दारातूनच "अजून वाकत नाही का?" असं विचारू नका.