पावती मागणारी रजनी

रेशनचं माप कमी भरतं म्हणून बचत गटाच्या बैठकीत आम्ही खूप कुरकुरलो, दुकानात मात्र एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा एका आजींना ‘रजनी’ आठवली. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ही मालिका लागायची. रजनी झाली होती प्रिया तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांची लेक. त्याआधी १९७४ च्या ‘अंकुर’मध्ये ती जमीनदाराच्या मुलाची बायको होती, काम लहानच. रजनी मात्र साधी गृहिणी, पण गॅसवाल्यालाही जाब विचारणारी! पुढच्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो मालिकेमुळे झाला, असं काही आम्ही म्हणत नाही. प्रियाताई कथाही लिहायच्या. २००२ मध्ये, पन्नाशीच्या आतच गेल्या. सोमवारी आम्ही पाचजणी दुकानात पावती मागायला जातोय. आजीही येणार म्हणतात.