खोक्यातले नॅट आणि आपले नॅट
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. १९६५च्या युद्धाच्या आठवणी निघाल्या, की घरातली वडीलधारी माणसे आजही या चिलटाचे नाव अभिमानाने घेतात. पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजलेले ते छोटेसे, चपळ लढाऊ विमान. आज मी त्याच नॅटविषयी बोलणार आहे. पण खऱ्या नव्हे, तळहातावर मावणाऱ्या नॅटविषयी. प्लॅस्टिकच्या जुन्या किटमधून ते कसे बांधतात, बांधताना त्याला करवत का लावावी लागते, आणि त्या करवतीचा इतिहासाशी काय संबंध आहे, हे सांगायचा विचार आहे.

आधी या किटची थोडी कुळकथा सांगतो. विमानांच्या छोट्या प्रतिकृती पूर्वी लाकडात कोरत. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्‌स' या नावाने लाकडी विमानांचे संच निघाले आणि त्यांच्याबरोबर एक प्रमाण रूढ झाले : सहा फुटांना एक इंच, म्हणजेच एकास बहात्तर. १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकचे संच आणले. मात्र ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने काळ गेला की वाकडे होई.

दुसरे महायुद्ध संपल्यावर पॉलिस्टायरीन आले आणि चित्र पालटले. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये 'एअरफिक्स' ही कंपनी काढली होती. सुरुवातीला ती रबरी खेळणी करी, नंतर प्लॅस्टिकचे कंगवे. १९४९ साली तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, नंतर 'गोल्डन हाइंड' हे जहाज सुट्या भागांत विकायला आणले आणि पुढे स्पिटफायर विमान. वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना मिळणाऱ्या या पिशव्यांनी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना वेड लावले.

यातले अर्थकारण समजून घ्यायला हवे. पोलादी साचा कोरणे हे फार खर्चाचे काम. त्यातून निघणारे प्लॅस्टिक मात्र स्वस्त. म्हणून एकदा केलेला साचा वर्षानुवर्षे, कधी कधी दशकानुदशके वापरायचा, हा या धंद्याचा नियम. परिणाम असा, की साचा कोरताना जे ठाऊक होते, जे सोयीचे होते आणि जे खपेल असे वाटत होते, ते सगळे त्या पोलादात गोठून राहते. किट जुने झाले म्हणजे प्लॅस्टिक जुने झाले एवढेच नव्हे, तर त्यातली माहितीही जुनी झाली. म्हणूनच जुने किट हा मला एक दस्तऐवज वाटतो आणि दस्तऐवज म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच.

आता नॅटकडे वळू. एअरफिक्सने नॅटचे किट काढले ते १९६४ साली. खोके उघडले की आत एकामागे एक अशा दोन बैठका दिसतात. म्हणजे हे लढाऊ नॅट नाही, हे वैमानिकांना शिकवायचे नॅट आहे. असे का झाले असावे?

नॅटचे जनक डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर. लायसँडर आणि कॅनबेरा या विमानांचे अभिकल्पकही तेच. लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली आहेत, त्याऐवजी छोटे, हलके, स्वस्त विमान करावे, असा त्यांचा आग्रह होता. फॉलंड कंपनीत त्यांनी आधी 'मिज' हे प्रायोगिक विमान केले आणि १८ जुलै १९५५ रोजी नॅट उडाले. पण ब्रिटनच्या हवाई दलाने लढाऊ नॅट घेतले नाही. १९५८ साली एडनमध्ये चाचण्या झाल्या, त्यात पसंती मिळाली ती हंटरला. ब्रिटनने घेतले ते दोन बैठकांचे नॅट. अशी १०५ विमाने बांधली गेली आणि १९६५ पासून १९७९ पर्यंत 'रेड ॲरोज' या कसरतपथकाने ती लाल रंगात जगभर गाजवली. लढाऊ नॅट गेले फिनलंडला, दोन गेली युगोस्लाव्हियाला आणि सर्वाधिक आली भारतात.

म्हणजे ब्रिटिश मुलाला आकाशात जे नॅट दिसे, तेच त्याच्या खोक्यात आले. यात एअरफिक्सचा काही दोष नाही. पण श्रीनगरच्या आकाशात लढलेले नॅट त्या खोक्यात नव्हते. आयात खेळण्यांची इथे वानवा असताना परदेशी गेलेल्या काका-मामांकडून कुणाला ते खोके मिळाले, तरी हाती यायचे ते दुसऱ्याच देशाचे विमान.

मग आपले नॅट हवे असेल तर? तर मापे घ्यायची. दोन बैठकांच्या नॅटच्या पंखांचा विस्तार ७.३२ मीटर, लढाऊ नॅटचा ६.७३ मीटर. लांबी अनुक्रमे ९.६८ आणि ९.०४ मीटर. बहात्तराने भागले की प्रतिकृतीत पंखांमध्ये सुमारे ८ मिलिमीटर आणि लांबीत सुमारे ९ मिलिमीटर फरक पडतो. वाटते, पंखांची टोके चार-चार मिलिमीटर कापली की झाले.

इथेच खरी मेख आहे. पंखांचे क्षेत्रफळ पाहा : लढाऊ नॅटचे सुमारे १३६ चौरस फूट आणि शिकाऊ नॅटचे १७५. विस्तार वाढला शेकडा नऊच्या आसपास, क्षेत्रफळ मात्र पाव पटीहून अधिक. याचा अर्थ पंख केवळ लांब झालेला नाही, तो पुढून मागेही रुंद झाला आहे. नुसती टोके उडवली तर हाती येते ते कुठल्याच हवाई दलात नसलेले विमान. शिवाय शिकाऊ नॅटला पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप वेगळे आणि एलेरॉन वेगळे आहेत. लढाऊ नॅटमध्ये एलेरॉनच खाली झुकून फ्लॅपचे काम करतात. तेव्हा त्या कडेच्या रेषा बुजवून नव्याने कोरायच्या. शेपटीचे भागही कमी करायचे, कारण शिकाऊ विमानात तेही मोठे केलेले होते.

काम कसे करायचे ते थोडक्यात सांगतो. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे साच्याचे तेल निघते आणि रंग नीट धरतो. मग काही न चिकटवता सगळे जुळवून पाहायचे. जुन्या साच्यातून प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे कडेला आलेले असतात, ते ब्लेडने खरवडायचे. पुढचा भाग बारीक दात्यांच्या करवतीने कापायचा, दुसऱ्या बैठकीपुरती वाढलेली लांबी काढायची आणि उरलेले तुकडे जोडायचे. हा डिंक साध्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणून घाई उपयोगाची नाही, एक रात्र थांबायचे. फटीत लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायची.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच किटमधली चालत नाही, ती दोघांसाठीची. मग लाकडात तेवढा आकार कोरून, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा गरम करून त्यावर ताणायचा. लढाऊ नॅटला हवा आत घेणाऱ्या दोन्ही मुखांपाशी ३० मिलिमीटरची एकेक तोफ होती, शिकाऊला नाही. तिचे तोंड कोरायचे आणि बारीक नळी बसवायची. ज्या दांड्यांना किटचे भाग लगडलेले असतात त्या फेकायच्या नाहीत. मेणबत्तीवर धरून ताणल्या की केसासारखा धागा निघतो, त्याचा अँटेना होतो. खोक्यातली निळ्या-लाल वर्तुळांची चित्रे बाजूला ठेवायची. आपल्याला हवे बाहेर केशरी, मधे पांढरे, आत हिरवे.

हे सारे हाताचे काम झाले. अवघड भाग आहे पुराव्याचा. वरची मापे पुस्तकात मिळतात, पण एखाद्या ठरावीक दिवशी, ठरावीक तळावर, ठरावीक नॅट कसे दिसत होते, हे कोण सांगणार? विमानतळांवर छायाचित्रे घ्यायला त्या काळी बंदी होती. पालमच्या वायुसेना संग्रहालयात नॅट आहे. पण संग्रहालयातली आणि प्रवेशद्वारांपाशी चौथऱ्यावर ठेवलेली विमाने अनेकदा नव्याने रंगवलेली असतात. तो रंग युद्धातला असेलच असे नाही.

एक उदाहरण देतो. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याचे भारताने जाहीर केले आणि त्यांना वीरचक्र मिळाले. पाकिस्तानचे म्हणणे असे, की ते सेबर जखमी झाले, पण तळावर परतले. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर ब्रिजपालसिंग सिकंद यांचे नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. वाट चुकून, असे आपण म्हणतो. आमच्या विमानाने उतरायला भाग पाडले, असे ते म्हणतात. ते नॅट, क्रमांक आयई-१०८३, आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. एकाच दिवसाच्या दोन घटना आणि प्रत्येकीच्या दोन कहाण्या. त्या दिवसाचा सर्वांत ठोस पुरावा असलेले विमान मात्र अशा जागी आहे, जिथे आपल्याकडचा कुणी पट्टी घेऊन सहज जाऊ शकत नाही.

आणि आता एक गंमत. जुने किट घेऊन त्यात सुधारणा करणे, हेच आपल्या कारखान्याने खऱ्या नॅटबाबत केले! १९५६ साली भारताने नॅट बांधण्याचा परवाना घेतला. आधी ब्रिटनहून तयार विमाने आली, मग सुटे भाग आले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जोडणी झाली, मग ते भाग इथेच घडू लागले. १९७१ साली याच विमानातून लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबरला श्रीनगरवर धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळालेले ते वायुसेनेचे एकमेव वीर. पुढे आपल्या अभियंत्यांनी नॅटच्या उणिवांची यादी केली. इंधनाची जादा टाकी पंखाखाली टांगावी लागे आणि शस्त्रांची जागा अडे. त्यांनी इंधन पंखाच्या पोटातच घेतले आणि पंखाखालची जागा मोकळी केली. त्या सुधारित नॅटचे नाव 'अजित'. त्याचा पहिला नमुना १९७५ साली उडाला आणि १९९१ पर्यंत अजित वायुसेनेच्या सेवेत राहिले. परक्याचा आराखडा घ्यायचा, तो मुळापासून समजून घ्यायचा आणि आपल्या गरजेनुसार कापायचा, वाढवायचा. टेबलावर करवत घेऊन बसलेला छंदी माणूस लहान प्रमाणावर हेच करत असतो.

२०१०नंतरच्या दशकात एअरफिक्सने नॅटचा नवा साचा केला, तोही दोन बैठकांच्या विमानाचाच. झेक प्रजासत्ताकातल्या 'स्पेशल हॉबी' या कंपनीने मात्र एका बैठकीचे नॅट आणि आपले अजित, दोन्हींची किटे काढली. तेव्हा आता करवत न लावताही काम भागते. पण कुणीतरी अचूक साचा केला म्हणून आपले काम संपत नाही. रंग कोणता, अक्षरे कुठे, चाकाच्या झडपेवर खूण होती की नव्हती, हे साचा सांगत नाही. ते सांगतील ती माणसे, जी त्या विमानांवर चढली, ज्यांनी ती पुसली, भरली आणि दुरुस्त केली.

त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या घरात, शेजारात वायुसेनेत काम केलेले कुणी आजोबा असतील, तर एकदा त्यांच्यापाशी बसा. त्यांच्या ट्रंकेत विमानाशेजारी उभ्या असलेल्या मित्रांचा एखादा फिकट फोटो असेल. त्यामागे मऊ पेन्सिलीने साल, तळाचे नाव आणि फोटोतल्या माणसांची नावे लिहून घ्या. विमान कुठल्या रंगाचे होते, तेही विचारा आणि लिहा. फोटो काळा-पांढरा असला, तर एवढेच तो सांगू शकणार नाही.