पोरकी पोरं आणि परतीचं तिकीट

आजचा भाग मी अंतरवाली सराटीतून बोलतोय. जालना जिल्हा, अंबड तालुका. २०२३ च्या उपोषणानंतर हे नाव घरोघरी पोचलं, पण माझ्यासाठी हे त्याआधीपासून माझं आजोळ. मामांच्या ओसरीवर बसून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच शेळी ओरडली तर सांभाळून घ्या.

झालं असं, की परवा माझ्या मामेबहिणीच्या मुलीनं मोबाईल पुढं केला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे ती. म्हणाली, "मामा, सुट्टीत केनियाला जाऊ का? तिथं लहान मुलांचं अनाथालय आहे. पंधरा दिवस मुलांना सांभाळायचं, शिकवायचं. विमानाचे, राहण्याचे पैसे आपले आपण भरायचे."

पोरीचा हेतू चांगला. पण माझ्या तोंडून "जा" निघेना आणि "नको" पण निघेना. म्हटलं, बस इथं. आपल्याकडे पोरक्या पोरांचं काय काय झालं ते सांगतो, मग तूच ठरव. तेच आज तुम्हालाही सांगतोय.

सुरुवात पुण्यापासून करू. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं येणारी बाळं आई मेली म्हणून येत नव्हती. आई जिवंत होती. ती विधवा होती, आणि समाज तिला ते मूल घेऊन जगू देणार नव्हता. त्यातल्याच एका बाईचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आजारी माणसं त्याच्या दवाखान्यात पोचवत होत्या. प्लेग झालेल्या एका पोराला उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे बघा, १८६३ ला दार उघडलं आणि ३४ वर्षांनीही बाई कुणाचं तरी लेकरू उचलतच होती.

मधे १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला. दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी छावणी काढली, पोरांना जेवू घातलं. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर-ओतूर भागात होत्या. तिथल्या हालांबद्दल त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्या स्वतःच दुष्काळानं पोरक्या केलेल्या. १८७० च्या दशकात, दक्षिणेतल्या दुष्काळात, आई, वडील आणि बहीण काही महिन्यांत गेले. रमाबाई आणि भाऊ मागं उरले. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडल्यावर त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका पुण्याजवळ केडगावला घेऊन आल्या. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरात, राजपुतान्यातूनही मुली आल्या आणि संख्या हजारावर गेली.

एवढ्या मुली सांभाळायच्या कशा? देश-परदेशातून मदतीला माणसं यायची, पैसा यायचा. पण रोजचा गाडा तिथंच राहणाऱ्या बायकांनी ओढला. शेती, विणकाम, छापखाना हे मुलींनाच शिकवलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या त्या केडगावलाच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इतिहास अर्धा राहील. रमाबाईंच्या धर्मांतराच्या प्रश्नावर तेव्हा मोठा वाद झाला. त्यातलं राजकारण बाजूला ठेवा, पण एक गोष्ट खरी. उपाशी पोराला दार निवडता येत नाही. जे उघडेल त्यात ते शिरतं, आणि मग त्या घराची भाषा, नाव, देव त्याचे होतात. अनाथालय कितीही चांगलं असलं, तरी पोराचं काहीतरी दाराबाहेर राहतंच.

आता या ओसरीवर येऊ. १९७२ चा दुष्काळ. माझी आजी इथंच बसून सांगायची. विहिरी आटलेल्या, बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, पोरांना सुकडी. आणि खडी फोडायची. नवराबायको दोघं कामावर. तान्ही पोरं तिथंच झाडाखाली झोळीत. त्याच वर्षी घरातली एक जाऊ वारली. तिची दोन पोरं आजीनं पदरात घेतली. स्वतःची चार होतीच. मी एकदा विचारलं, "आजी, तुला जड नाही गेलं?" ती म्हणाली, "जड गेलं की. पन हजेरी होती ना."

हजेरी होती. मंडळी, हा शब्द मला फार उशिरा कळला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हाल प्रचंड झाले, पण १८७६ सारखी माणसं भुकेनं मेली नाहीत. गावाजवळ मजुरी मिळाली म्हणून घरं उभी राहिली, आणि घर उभं राहिलं म्हणून आजीला आणखी दोन ताटं वाढता आली. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. मला विचाराल तर त्या खडीच्या ढिगाऱ्यांनी जितकी पोरं पोरकी होण्यापासून वाचवली, तितकी कुठल्याच अनाथालयानं सांभाळली नसतील.

आता माझं. कॉलेजात असताना मीही एका बालगृहात महिनाभर सेवा केली. नाव सांगत नाही. तिथं चारेक वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्याच दिवशी येऊन मांडीवर बसला. मला वाटलं, काय लळा आहे माझा! तिथल्या मावशी म्हणाल्या, "तो सगळ्यांच्याच मांडीवर बसतो. नवीन कोण आलं की." महिन्यानं निघताना त्यानं विचारलं, "दादा, उद्या येणार?" मी "हो" म्हणालो. नाही गेलो. फोटो मात्र बरीच वर्षं जपून ठेवला. त्या पोरानं माझ्याआधी किती जणांना हे विचारलं असेल, हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही.

भाचीला म्हटलं, आफ्रिकेतही गोष्ट फार वेगळी नाही. एड्सनं पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत आईबापांची एक पिढीच्या पिढी नेली. तरी बहुतेक पोरं अनाथालयात गेली नाहीत. आज्ज्यांनी, मावश्यांनी सांभाळली. जी अनाथालयात आहेत त्यांतल्याही बऱ्याच जणांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरिबीनं तिथं आणून सोडलंय. रवांडानं तर १९९४ च्या नरसंहारानंतर भरलेली अनाथालयं २०१२ पासून बंद करायला घेतली आणि पोरं कुटुंबांत पाठवली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथालयांतल्या हौशी स्वयंसेवेच्या धोक्याकडे लक्ष वेधलं. कारण साधं आहे. पाहुणे पैसे देतात म्हटल्यावर त्यांना दाखवायला पोरं लागतात.

आपल्याकडचा २०१५ चा बाल न्याय कायदाही म्हणतो, की संस्था हा शेवटचा उपाय. आपल्या सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाईंच्याच नावानं. पोर आजीकडे, काकाकडे राहावं म्हणून २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये. पण त्यासाठी कागद लागतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. सत्तर वर्षांची आजी अंबडला किती हेलपाटे घालणार?

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे मी जाऊच नको?"

म्हटलं, जा की. परिचारिका होऊन जा, शिक्षक होऊन जा, तिथल्या माणसांना शिकव, दोन वर्षं राहा. कायमची सांभाळणारी माणसं लागतातच, कारण काही पोरांना खरंच कुणी नसतं. पण पंधरा दिवसच असतील, तर पोराला मांडीवर घेऊ नकोस. त्याच्या आजीचा फॉर्म भर.

काल सकाळी ती गल्लीतल्या एका आजीला घेऊन अंबडला गेली. बापाविना दोन नातवंडं आहेत त्यांच्याकडे. एक दाखला मिळाला, दुसऱ्यासाठी सोमवारी बोलावलंय.

तिचं पुण्याचं तिकीट रविवारचं होतं. ते तिनं पुढं ढकललंय.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात दुष्काळात कुणी कुणाची पोरं पदरात घेतली असतील, तर जरूर कळवा. अशा गोष्टी पुस्तकात नसतात, ओसरीवरच असतात.